मागची सीट

सीटताईंच्या दुकानात गाडी क्वचितच येई, यायची ती गाडीची सीट. लोक ती बगलेत मारून आणत. फाटलेली, दबलेली, पाणी पिऊन फुगलेली. ताई ती मशीनशेजारच्या फळीवर ठेवून आधी नुसत्या तळहाताने दाबून बघत. दाबली की त्यांना माणूस कळे. हा पाकीट मागच्या खिशात ठेवून तिरका बसतो. ह्याचे पाय जमिनीला पुरत नाहीत, म्हणून पुढे सरकून सरकून टाकीजवळचा फोम मेलाय. आणि ह्याच्या मागच्या सीटवर आठ वर्षांत कोणी टेकलेलंसुद्धा नाही; रेक्झिन कोरं, फोम जसाच्या तसा. असल्या सीटकडे ताई जरा जास्त वेळ बघत.

शिकल्या कुठे म्हणाल तर कुठेच नाही. लग्नानंतर पडदे शिवायच्या. दिराच्या गाडीची सीट उसवली ती शिवून दिली, मग दिराच्या मित्राची, मग मित्राच्या मित्राची. त्याला आता बावीस वर्षं झाली होती.

हल्ली लोक सीट करायला कमी आणि सल्ल्याला जास्त येत. विशेषतः पन्नाशीचे पुरुष. मुलं मार्गी लागली आणि केसांनी रजा घेतली, की ह्यांना लांबलचक, बुटकी, घुमणाऱ्या आवाजाची क्रूझर मोटरसायकल हवी होई. ताई त्यांना दुकानातल्या लोखंडी स्टुलावर बसवत आणि तीन प्रश्न विचारत. किती लांब जाणार? मागे कोण बसणार? आणि गाडी पडली तर उचलणार कोण? सीट करायला आलेल्यांनाही हेच तीन प्रश्न; त्यांची उत्तरं पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी दोऱ्याने सीटला बांधायची, अशी त्यांची पद्धत.

दातांचे एक डॉक्टर आले होते. त्यांना पाय पार पुढे पसरून चालवायची गाडी हवी होती.

"दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून तुमची कंबर आधीच कामातून गेलीय," ताई म्हणाल्या. "पाय एवढे पुढे टाकलेत की सगळा भार माकडहाडावर. पाय मध्यावर राहतील अशी घ्या. दिसायला जरा मवाळ दिसते."

"मवाळ दिसायला गाडी कशाला हवी, मी असाच दिसतो," डॉक्टर म्हणाले.

"मागे कोण बसणार?"

"बायको. पण ती नको म्हणते."

"सीटला नको म्हणते की तुम्हाला?"

डॉक्टर हसले. पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन आले, तिला स्टुलावर बसवून माप दिलं, आणि पाय मध्यावर असलेली गाडी घेऊन मोकळे झाले.

ताईंचा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होता. तीन पाळ्या, त्यात सासूबाई अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. दोघांपैकी एकाने घरात असायलाच हवं. एका संध्याकाळी शेजारणीला सासूबाईंजवळ बसवून दोघं बाहेर पडली होती; औषधं घेऊन स्कूटरवरून परतताना सिग्नलला मान अर्धी वळवून तो म्हणाला होता, "रिटायर झालो ना, की मोठी गाडी घेऊ. तू मागे बस. थेट समुद्रापर्यंत जाऊ." सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न मारला, विषय तिथेच संपला. ताईंनी मात्र ते वाक्य एकोणीस वर्षं घडी घालून ठेवलं होतं.

सासूबाई गेल्या. नवरा रिटायर झाला. ताईंनी दोन महिने खपून गाडी ठरवली. त्याचा उजवा गुडघा दुखतो, तेव्हा पाय ठेवायला रुंद पाट्या हव्यात. वाऱ्याने त्याचे डोळे झोंबतात, तेव्हा पुढे काच हवी. बाजूला दोन पेट्या, आणि मागची सीट रुंद, पाठ टेकायला उशीवाली. म्हणजे लांबच्या प्रवासाची टूरिंग क्रूझर. हे सगळं लिहिलेला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दोघं शोरूमला गेली.

काचेच्या दालनात तीन क्रूझर उभ्या होत्या. ताई सरळ टूरिंगकडे गेल्या. विक्रेत्याला विचारून मागच्या सीटवर चढल्या, पाठ टेकली, आणि सवयीने बाजूचा फोम दाबून पाहिला. चांगला होता. त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

उघडले तेव्हा नवरा पलीकडच्या गाडीवर बसलेला होता. ती बॉबर. बुटकी, काळी, अंगावर एक दागिना नाही. मागचा मडगार्ड कापल्यासारखा आखूड आणि वर तव्याएवढी एकच सीट. तो पोट आत घेऊन आरशात बघत होता. त्याचं हेल्मेट धरून ताई दोन पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, मागे कोणी बसणार आहे का?" विक्रेत्याने विचारलं.

"नाही, तसं कोणी नाही," नवरा म्हणाला. "एकट्यापुरतीच."

हातातलं हेल्मेट ताईंना एकदम जड झालं. गावभरच्या पुरुषांना विचारून झालेला हा प्रश्न आपण घरात कधी विचारलाच नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. विचारायचं काय त्यात, असं त्या धरून चालल्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी विषय काढला. "अहो, समुद्राचं काय मग?"

"जाणार ना. आमची रविवारची मंडळी आहेत, पाचसहा जण, सगळे जायचं म्हणतायत." मग ताईंचं तोंड बघून म्हणाला, "अगं, चार दिवसांचा प्रवास. तुझी पाठ धरेल."

"माझी पाठ मला तरी काही बोलली नाही अजून."

"बरं, मग असं कर. मागे बसवायचा सांगाडा मिळतो कंपनीचा. त्यावर तूच कर ना सीट. घरात कारागीर असताना बाहेर कशाला जायचं."

आणि ताईंनी केली. राग होता, पण फोम हातात आला की त्यांचा हात रागाचं ऐकत नसे. खाली कडक थर, वर मऊ. स्वतः त्यावर दहा मिनिटं बसल्या, दबलं तिथे खडूने खूण केली, करवतीच्या पात्याने तासला, पुन्हा बसल्या. असं नऊ वेळा. काळं रेक्झिन, काळाच दोरा, दुहेरी टीप. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या मापाची केलेली ही पहिली सीट.

चार बोल्टांनी ती बसली. रविवारी संध्याकाळी नवऱ्याने ताईंना मागे घेऊन पेट्रोलपंपापर्यंत चक्कर मारली. ताईंनी खांद्यावर हात ठेवला, तसा तो म्हणाला, "हलू नकोस गं, गाडी मागून बसते." जाताना सहा मिनिटं, येताना पाच. दारात मंडळींपैकी एकजण उभा होता.

"काय हे, बॉबरला कुबड काढलंय," तो म्हणाला.

नवरा हसला. ताईही हसल्या, कारण माणूस दारात आलेला होता.

सोमवारी सकाळी सीट मशीनशेजारच्या फळीवर होती, भाजीच्या पिशवीत. बोल्ट काढून कागदात गुंडाळलेले. "जपून ठेव," तो म्हणाला, "लागेल तेव्हा लावू. दहा मिनिटांचं तर काम." आणि शुक्रवारी मंडळींबरोबर समुद्राला गेला.

त्या चार दिवसांत ताईंनी तीन सीटा केल्या. एका गिऱ्हाइकाने पिशवीतली सीट पाहून किंमत विचारली. "विकायची नाही," त्या म्हणाल्या, आणि कशासाठी ठेवलीय हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना. तो गेल्यावर त्यांनी मशीनपुढचं स्वतःचं लोखंडी स्टूल उलटं केलं. त्याच्या पत्र्याला चार भोकं पाडली आणि कागदातले बोल्ट काढले. काम खरोखरच दहा मिनिटांचं निघालं.

फोनवर समुद्राचा फोटो आला. सहा गाड्या ओळीने, मागे पाणी. ताईंनी बोटांनी फोटो मोठा केला. त्याची सीट डावीकडे खरचटली होती. हँडलचं टोकही घासलेलं दिसत होतं.

मंगळवारी तो आला, चालताना किंचित लंगडत. आंघोळही न करता तव्याएवढी सीट काढून दुकानात घेऊन आला.

"अगं, कंपनीची सीट म्हणजे नुसता दगड. तू त्या मागच्या सीटला घातला होतास ना, तसला फोम घाल हिला. परवा परत निघायचंय."

"ठेवा तिथे. नंबर लागेल तसा करीन," ताई म्हणाल्या.

"नंबर? मला?"

फळीवर आधीच पाच सीटा होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. ताईंनी सहावी चिठ्ठी काढली, पेन्सिल घेतली.

"किती लांब जाणार?"

"चेष्टा करतेस काय?"

त्या वाट बघत राहिल्या. कुठल्याही गिऱ्हाइकासाठी थांबल्या असत्या तेवढाच वेळ.

"दोन दिवस. डोंगराकडे," तो शेवटी म्हणाला.

ताईंनी लिहिलं. पुढच्या ओळीवर पेन्सिल थांबली. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि त्याची नजर ताईंच्या खाली गेली. काळं रेक्झिन, दुहेरी टीप. 

"ती... इथे लावलीस?"

"दिवसाचे आठ तास बसते मी. मागून बसत नाही ही, कुणी तक्रारही करत नाही." त्यांनी विचारलंच नाही, ओळीवर 'कोणी नाही' असं लिहिलं, शोरूममध्ये ऐकलं होतं तसंच. मग मान वर केली. "पडला होतात ना? कुणी उचलली गाडी?"

"मंडळींनी," तो म्हणाला. गुडघा चोळायला हात खाली गेला होता, तो मध्येच थांबला.

ताईंनी 'मंडळी' असं लिहिलं, गाठ मारली, सीट सहाव्या जागी ठेवली आणि पाय मशीनच्या पट्टीवर दाबला. दुकान आवाजाने भरून गेलं. तो काहीतरी म्हणाला, पण मशीन बंद केल्याशिवाय ते ऐकू येणार नव्हतं, आणि टीप अजून बरीच लांब होती.