मऊ का गच्च

साहेबरावांची अर्धापूरला केळीची बाग होती आणि त्यांना केळं पचत नव्हतं. लातूरच्या संगप्पाचं डाळीचं दुकान होतं आणि त्याला डाळ पचत नव्हती. देवानं दोघांच्याही पुढ्यात ताट वाढून हात बांधून ठेवले होते. एवढ्या भांडवलावर मैत्री व्हायला हरकत नव्हती, आणि ती झाली.

झाली ती नांदेडच्या एका पोटाच्या डॉक्टरकडे, बाहेरच्या बाकड्यावर. दोघांच्याही घशातून दुर्बीण आत जाऊन आली होती आणि दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल होते. ‘काहीच नाही’ हे ऐकून साहेबरावांना आपला अपमान झाल्यासारखं वाटलं. त्याच वेळी शेजारचा अनोळखी माणूस पुटपुटला, “काहीच न्हाई तर मग हे करपट ढेकर काय माझ्या आज्यानं ठेवून गेले व्हय?” साहेबरावांनी वळून पाहिलं. आपल्याला समजून घेणारा माणूस जन्मात पहिल्यांदा भेटला, असं त्यांना वाटलं. बायकोनं, उज्वलाबाईंनी, समजून घेतलं नव्हतं असं नाही. पण उज्वलाबाईंना पचत होतं.

तेव्हापासून रोज सकाळी फोन. नांदेडहून साहेबराव विचारायचे, “आप्पा, मऊ का गच्च?” लातूरहून पोटावर दोन बोटं वाजवल्याचा आवाज यायचा आणि मागून उत्तर यायचं, “गच्च. तुझं, सायबा?” “माझंबी गच्च.” एवढं बोलणं झालं की दोघांनाही बरं वाटायचं. पोटाला नाही, बाकी सगळ्याला.

औषधं दोघांनी मिळून केली. ओवा झाला, हिंग झाला, जिऱ्याचं पाणी झालं. धर्माबादच्या एका वैद्याचा काढा झाला, ज्यानं उपाशी माणसालाही अजीर्ण व्हावं. लग्नकार्यात दोघांचे पाट पंगतीच्या शेवटाला, मऊ भात आणि ताक घेऊन. आयाबाया पोरांना बोटानं दाखवायच्या, “चावून खा, न्हाईतर तसं होतंय.” एका शिवरात्रीला, साबुदाणा छातीशी येऊन बसलेला असताना, संगप्पानं हातात बेलाचं पान घेतलं आणि साहेबरावांच्या हातातही दिलं. ज्याला आधी गुण येईल त्यानं त्याच दिवशी दुसऱ्याला सांगायचं, असं ठरलं. बेल उचलून दिलेला शब्द. साहेबरावांनी ते पान पाकिटात जपून ठेवलं होतं. वाळून त्याचा चुरा झाला, तरी टाकवत नव्हतं.

यंदा भर उन्हाळ्यात संगप्पाच्या मुलीचं, शिवकन्येचं, लातूरला लग्न निघालं. त्या दिवशीही सकाळी फोन झाला. “आज तर लईच गच्च, सायबा,” संगप्पा म्हणाला. “पोरीच्या लग्नात माझं काही खरं न्हाई.”  साहेबरावांनी उज्वलाबाईंना मऊ भाताचा आणखी एक डबा भरायला लावला. “अहो, मुलीचा बाप आहे तो. त्याच्या मांडवात त्याला भात मिळणार नाही का?” “मिळंल,” साहेबराव म्हणाले, “पण आपल्यासारखा मऊ मिळणार न्हाई.”

कार्यालयात अक्षता पडल्या तरी संगप्पा दिसेना. गर्दीत कुठं भोवळ येऊन पडला की काय, या काळजीनं साहेबराव डबा हातात घेऊन शोधत निघाले. खोल्या पाहिल्या, स्टेजमागं पाहिलं. शेवटी आचाऱ्याच्या भट्टीमागं, तेलाच्या रिकाम्या डब्यावर तो सापडला. पुढ्यात ताट होतं. ताटात भज्याची झणझणीत आमटी होती, गव्हाची गोड हुग्गी होती, हुग्गीवर तूप होतं आणि कडेला बुक्कीनं फोडलेला कांदा. संगप्पा भाकरी आमटीत बुडवून असा जेवत होता, जसं जेवायला साहेबराव स्वप्नातसुद्धा भ्यायचे.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, हा मरणार. ओरडून ताट काढून घ्यावं म्हणून ते पुढं झाले, तेवढ्यात संगप्पानं ढेकर दिला.

ढेकरांच्या बाबतीत साहेबरावांना फसवणं शक्य नव्हतं. करपट, आंबट, अर्धवट, छातीपर्यंत येऊन माघारी फिरणारा, असे सगळे त्यांनी फोनवर नुसत्या आवाजानं ओळखले होते. हा खालून निघून वाटेत कुठंही न थांबता वर आला होता. निरोगी माणसाचा होता.

संगप्पाची बायको शरणम्मा तुपाचं भांडं घेऊन आली आणि साहेबरावांना पाहून उजळली. “या भाऊजी! तुमच्यामुळं हा दिवस दिसला बगा. तुम्ही सांगितलेलं ते जठरबहार टॉनिक मागच्या मिरगापासून चालू हाय. आता दगड दिला तरी पचवतेत.”

“मी सांगितलेलं?”

“मग! मी म्हणलं होतं, असल्या बाटल्या लई झाल्या. तर म्हणले, सायबानं धाडलंय, त्याचा शबूद मोडायचा न्हाई.” आणि ती तूप वाढून वऱ्हाडाकडं गेली.

मिरगापासून. साहेबरावांनी तो सगळा पावसाळा आठवला. गणपतीत त्यांना रात्रभर उलट्या झाल्या होत्या, तेव्हा हा फोनवर म्हणाला होता, “माझीबी तीच गत.” दिवाळीत साहेबरावांनी एक करंजी खाऊन दोन दिवस अंथरूण धरलं, तेव्हा यानं हळहळून सांगितलं होतं, “मी तर वासच घेतला.”

“आप्पा,” साहेबराव म्हणाले, “मऊ का गच्च?”

संगप्पाच्या मिशीला आमटी लागलेली होती. तरीही सवयीनं त्याची दोन बोटं पोटावर गेली. “गच्च,” तो म्हणाला.

म्हटल्यावर त्यालाही ते ऐकू आलं. त्यानं ताट खाली ठेवलं.

“रोज खोटं बोलून राहिलास?”

“खोटं कसं, सायबा? आधी म्हणलं, गुण टिकतो का बघावं. मग म्हणलं, तुझी प्रकृती उष्ण, तुला बाधलं बिधलं तर?”

“दुर्बीण बाधली न्हाई मला, टॉनिक बाधतंय?”

“मग लई दिवस झाले. आता कुठल्या तोंडानं सांगावं?”

“बेल उचलला होतास तू.”

संगप्पानं मिशीची आमटी पुसली. मग हळूच म्हणाला, “सांगितलं असतं तर तूबी बरा झाला असतास.”

“मग?”

“मग रोज काय बोललो असतो? तुरीचा भाव?”

त्यात थोडं तथ्य होतं. त्यामुळं साहेबरावांना जास्तच राग आला. “मी माझं दुखणं खरं सांगत होतो रे,” ते म्हणाले. “आणि तू ऐकून घेत होतास. हुग्गी खाऊन.”

डबा त्यांनी तसाच परत आणला. वाटेत उज्वलाबाई म्हणाल्या, “बरा झाला ना माणूस? आनंद मानायचा.” साहेबराव गाडीच्या काचेतून बाहेर बघत म्हणाले, “तो आजारी असताना मला जास्त आनंद व्हायचा.” हे आपण मोठ्यानं बोललो, हे त्यांना पुढच्या गावाला लक्षात आलं.

फोन बंद झाले. संगप्पाचा आला की साहेबराव वाजू देत. मग एक दिवस लातूरहून खोकं आलं. आत जठरबहारच्या बाटल्या, चिंचेच्या कोळासारख्या काळ्या. लेबलवर एक गुटगुटीत माणूस भरल्या ताटापुढं बसून हसत होता. साहेबरावांना तो हुबेहूब संगप्पा वाटला.

“मेलो तरी घेणार न्हाई,” त्यांनी शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आणि उज्वलाबाई देवळात गेल्यावर दोन चमचे घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. उज्वलाबाईंनी बाटलीतली उतरती पातळी पाहिली आणि वरणाला लसणाची फोडणी द्यायला सुरुवात केली.

आणि गुण आला. साहेबरावांनी तो न येण्याची बरीच वाट पाहिली होती. पोट हलकं झालं, झोप लागायला लागली, ताटातलं सगळं आपापल्या जागी जायला लागलं. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्याच औषधानं बरं व्हावं, ही पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

एका सकाळी ते अर्धापूरला बागेत गेले. गड्यानं काढून ठेवलेल्या घडातलं एक पिकलं केळं सोललं आणि उभ्यानंच खाल्लं. काही झालं नाही. दुसरं खाल्लं. आपल्या बागेचं केळं एवढं गोड असतं, हे त्यांनी व्यापाऱ्यांकडून ऐकलं होतं. आज खात्री पटली. ही गोष्ट सांगावी म्हणून हात खिशातल्या मोबाइलकडं गेला. सांगण्यासारखा माणूस एकच होता. हात त्यांनी बाहेर काढला आणि तिसरं केळं सोललं.

तेवढ्यात फोन वाजला. नेहमीचीच वेळ होती. आज का कुणास ठाऊक, त्यांनी उचलला.

 पलीकडून संगप्पाचा आवाज आला, दुकानात उधार मागायला आलेल्या माणसासारखा. “सायबा… मऊ का गच्च?”

साहेबरावांनी पोटावर हात ठेवला. ते लोण्यासारखं मऊ होतं. त्यांनी तोंडातला घास गिळला आणि सावकाश, प्रत्येक अक्षर मोजून म्हणाले, “गच्च.”

“टॉनिक घेतलंस का न्हाई?”

“घेतलं. मला लागू पडलं न्हाई.”

पलीकडून सुटकेचा मोठा श्वास ऐकू आला. “माझंबी आज जरा गच्चच हाय,” संगप्पा म्हणाला, आणि त्याच्या पाठोपाठ त्याला ढेकर आला. लांब, मोकळा, वाटेत कुठंही न थांबणारा.

साहेबरावांनी तो ऐकून घेतला. आपला ढेकर त्यांनी ओठ घट्ट मिटून तोंडातच दाबला.