उधाणाचा फोन

मी एक जुना प्रोग्रॅम आहे. हसू नका, मित्रांनो. तुटक्या छत्रीने आणि फाटक्या पुस्तकाने आपली कहाणी सांगितली की तुम्ही मन लावून ऐकता, मग माझीही ऐका. मला हातपाय नाहीत, पण राग आहे, आणि आज मी तो गिळणार नाही.

माझा जन्म पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात झाला. तिथे खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण येतं, तेव्हा खाडीचं पाणी थेट बांधाच्या गळ्याशी येतं. खेकड्यांनी बांधात बिळं करून ठेवलेली असतात. एवढ्याशा बिळातून पाणी झिरपू लागलं की बघता बघता भगदाड पडतं. त्याला तिथे खांड म्हणतात. खारं पाणी शेतात शिरलं की उभं भात करपतं आणि पुढची काही वर्षं ती जमीन धड पीक देत नाही. म्हणून पूर्वी उधाणाच्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर जायचा. पुढे घरची माणसं कंपनीत शिफ्टला जाऊ लागली आणि उधाण कधी हेच विसरू लागली.

रोहिणी तेव्हा कॉलेजात कंप्युटर शिकत होती. तिच्या सगुणाआत्याचं शेत अगदी बांधाला लागून. आत्यासाठी म्हणून तिने मला लिहिलं, पीएचपी नावाच्या भाषेत. कंप्युटरला कामं सांगायच्या अशा पुष्कळ भाषा असतात. तिथी आणि भरतीची वेळ बघायची आणि उधाणाच्या दिवशी सकाळी गावातल्या प्रत्येक घरी फोन करायचा, हे माझं काम. फोनवर आवाज रोहिणीचाच: "आज उधाण हाय गो. बांधावर जा, बिळं बुजवा." बोलताना तिच्या डोळ्यांपुढे आत्याच होती, त्यामुळे मिशीवाल्या बाप्यांनाही मी 'गो' म्हणत असे. आत्याच्या शेजारचा काळुराम दर वेळी चिडायचा. "मी काय बाय हाय काय?" पण घमेलं घेऊन निघायचा.

कितीतरी पावसाळे बांध फुटला नाही. गावच्या शेतकरी संस्थेच्या सभेत माझं कौतुक झालं, तिच्या कचेरीतल्या ज्या कंप्युटरवर मी राहत होतो त्याला हारसुद्धा घातला. आणि हळूहळू गावाला एक सवय लागली. फोन आला की बांधावर जायचं, नाही आला की निर्धास्त राहायचं. मी गप्प बसलो तरी लोक त्यातून काहीतरी ऐकू लागले होते.

पुढे रोहिणी नोकरीसाठी रोह्याला गेली. मी संस्थेच्या कचेरीत धूळ खात राहिलो. चेअरमन हैबतराव माझ्या कंप्युटरवर चहाचा ट्रे ठेवायचे. कंप्युटर बिचारा दमला होता, मधूनच बंद पडायचा. तेव्हा ठरलं की मला क्लाउडवर न्यायचं. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही, कुठेतरी लांब असलेल्या मोठ्या कंप्युटरांवर भाड्याने घेतलेली जागा. गावातलाच नितेश पेणला सॉफ्टवेअरचं काम करतो. तो आणि रोहिणी असे दोघं कामाला लागले. मला वाटलं, आता आपले चांगले दिवस आले!

कसले चांगले दिवस! त्या नव्या जागेत पाऊल ठेवताच पहिला प्रश्न होता, भाषा निवडा. माझ्या वेळची पीएचपी तिथे चालत नव्हती. मला नव्याने लिहावं लागणार होतं. झालं. दर रविवारी रोह्याजवळच्या खांब गावी, हायवेवरच्या हॉटेलात दोघं बसायचे आणि नितेशच्या लॅपटॉपमधून माझी एक नक्कल ते सगळं निमूट ऐकायची.

"पायथॉन घे," नितेश म्हणायचा. "सोपी हाय. उद्या दुसऱ्या कुनाला पन जमेल."

"आणि एकदम दहा हजार फोन लावायचे झाले तर? जावास्क्रिप्टच बरी."

अरे, गावात घरं किती, तुम्ही बोलता किती! पण मला विचारतंय कोण? रोहिणीला तर माझी लाजच वाटू लागली होती. "ते कॉलेजातलं पोरकट काम आहे, त्याच्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. मिसळ आली, चहा आला, पुन्हा चहा आला. एकाने मांडलेलं दुसऱ्याने पुढच्या रविवारी पुसलं. गणपती आले, गेले. नव्या जागेत तयार झालं होतं फक्त एक पान, त्यावर लिहिलेलं 'नमस्कार', आणि कोपऱ्यात ती जागा चालू असल्याचा हिरवा ठिपका.

तो ठिपका हैबतरावांनी नितेशच्या फोनवर पाहिला. "चालू झाला व्हय?"

"चालू हाय," नितेश म्हणाला.

तो खोटं बोलला नाही. दुकान उघडं होतं, आत माल नव्हता इतकंच. हैबतरावांनी मात्र गावभर सांगून टाकलं की आता फोन नव्या जागेवरून येणार, आणि माझा प्लग उपटून ठेवला. त्यानंतरचं मी मागाहून कचेरीत लोकांच्या तोंडून ऐकलं.

भादव्यातली पौर्णिमा आली. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. सकाळी एकाही घरात फोन वाजला नाही. सगुणाआत्याला पौर्णिमा आठवत होती. तिने काळुरामला विचारलंसुद्धा, आणि दोघांनी मिळून ठरवलं की पाणी यंदा कमी असेल, नाहीतर फोन आला असता. दुपारी तिच्या शेतालगत खांड पडली.

दुसऱ्या दिवशी रोहिणी धावत आली. आत्या शेताच्या कडेला उभी होती आणि भाताचे नुसते शेंडे पाण्यावर दिसत होते.

"आत्या, आमची भाषाच ठरत नव्हती गो," रोहिणी रडत म्हणाली.

"ता मना काय कलनार?" आत्या शांतपणे म्हणाली. "तू बोलली नाय, म्हनून मी गेले नाय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रोहिणी तशीच कचेरीत आली आणि तिने मला पुन्हा प्लग लावला. एवढंच करायचं होतं. नवं उभं राहीपर्यंत मला चालू ठेवायचं होतं. पाया पडतो मित्रांनो, हवी ती भाषा निवडा, हवं तेवढं भांडा, मला पुसूनही टाका, त्याचं मला दुःख नाही. पण ज्याच्या भरवशावर कुणी घरी निवांत बसलं आहे, ते नव्याच्या हाती काम देण्याआधी बंद करू नका.

खांड गावाने मिळून बुजवली. मग अमावास्या आली आणि मी सकाळी सगळ्यांना फोन केले. सगुणाआत्याचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मी पुन्हा केला. काळुराम नंतर कचेरीत सांगत होता की म्हातारी फोन घरी टाकून पहाटेपासून बांधावर होती, दुसऱ्यांच्या शेतांपुढची बिळं बुजवत. तिच्या स्वतःच्या शेतात राखण्यासारखं आता काही उरलेलं नाही.