गवताआडची खिडकी

सगळी वस्ती त्यांना मीटरमामा म्हणायची. खरं तर ते एकाच मुलीचे मामा होते, पण सत्तावीस वर्षं घरोघरी विजेचे मीटर वाचत हिंडल्यावर माणूस सगळ्यांचाच मामा होतो. काखेत वही, हातात बॅटरी आणि फाटकाशी येऊन एकच हाक, "मीटर!" कुत्र्यांनीसुद्धा त्यांच्यावर भुंकणं सोडून दिलं होतं. कुणाच्या अंगणातली फरशी डगमगते, कुणाचा नळ गळतो, कुणाकडे म्हातारं माणूस एकटं आहे, हे सगळं त्यांना पाठ होतं.

मग नवे मीटर बसले. ते आकडे आपोआप कचेरीत पाठवायचे. मामांना सांगितलं, हा महिना फिरा, पुढच्यापासून नको.

त्या शेवटच्या फेरीत ते चित्रकलेच्या बाईंकडे गेले. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. अंगणातलं गवत कमरेइतकं वाढलेलं. मामांनी हाक मारली, ओ आली नाही. मीटर मागच्या बाजूला होता म्हणून ते गवत सारत गेले, तर नळाजवळ बाई पडलेल्या. चार दिवस झाले होते. रस्ता तिथून वीस पावलांवर. रोज माणसं जात-येत होती, दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जात होता, आणि कुणालाही काही दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पाय मोडला होता, पण जीव लगेच गेला नसणार. दीड-दोन दिवस तरी त्या जिवंत असतील.

ते दीड-दोन दिवस मामांच्या डोक्यातून जाईनात. बायको लवकर गेल्यापासून ते विधवा बहिणीबरोबर राहायचे. बहीण म्हणायची, "दादा, घास तरी नीट चाव. कुठे बघतोयस?" महिन्याभराने मात्र ते उठले आणि शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे जाऊन दहा मिनिटं मागून आले.

मोठ्या वर्गांसमोर उभं राहून मामा म्हणाले, "शनिवारी सकाळी दोन तास. जे म्हातारे आहेत, आजारी आहेत, त्यांची अंगणं साफ करायची. पैसे मिळणार नाहीत. शाबासकीसुद्धा मिळेलच असं नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "फुकट? मामा, तुम्ही आम्हालाच मामा बनवताय!"

वर्ग खो खो हसला. मामाही हसले. मग त्यांनी चित्रकलेच्या बाईंचं सांगितलं. त्यातल्या कितीतरी जणांना बाईंनीच रंग कसा कालवायचा ते शिकवलं होतं. हसणं थांबलं. "गवत हे नुसतं निमित्त आहे," मामा म्हणाले. "आठवड्यातून एकदा कुणीतरी फाटक उघडून आत गेलं पाहिजे. आता मी जात नाही. तुम्ही जा."

अकरा जणांनी नावं दिली. पहिलं नाव त्यांच्या भाचीचं, म्हणजे भिंगरीचं. सोळा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात पडलेलं हे नाव शाळेपर्यंत पोचलं होतं. विळे, खुरपी, दाताळी जमवली, एका सुताराने जुनी ढकलगाडी दिली. पहिल्या शनिवारी हातांना फोड आले. दुसऱ्या शनिवारी चौघांना खाज सुटली. एक आजीबाई तर खुर्ची टाकून समोरच बसल्या आणि "ते नको उपटू, ती माझी शेवंती आहे, डोळे आहेत की बटणं?" असं दोन तास ओरडत राहिल्या. निघताना मात्र म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी उशीर करू नका." मुलं रस्ताभर त्यांची नक्कल करत आली. तीन महिन्यांत चोवीस अंगणं झाली. एका ठिकाणी साखर उतरून बेशुद्ध पडलेले आजोबा मुलांना वेळेवर सापडले. मामांना पुन्हा झोप लागायला लागली.

यादीतलं एक घर राहिलं होतं. फोरमनचं.

फोरमन सूतगिरणीतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, ताठ. त्यांची बायको पूर्वी मुलींचे फ्रॉक शिवायची, पण गेली दोन-तीन वर्षं तिला कुणी बाहेर बघितलं नव्हतं. विचारलं की फोरमन म्हणायचे, "बरं नसतं तिला." अंगणात गवत छातीपर्यंत, समोरच्या खिडकीवर वेलीचं रान. भिंगरी दोनदा विचारायला गेली. पहिल्यांदा ते फाटकातूनच म्हणाले, "नको." दुसऱ्यांदा म्हणाले, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

भिंगरी घरी येऊन फणफणली. "मामा, ते माणूस आहेत की कुलूप?"

मामा चहा पीत होते. सहज बोलून गेले, "अगं, म्हाताऱ्या माणसांना मागायची लाज वाटते. तोंडाने नाही म्हणतात, मनातून हवंच असतं. साफ झालेलं अंगण बघितलं की विरघळतील."

पुढे त्यांनी हे वाक्य स्वतःशी किती वेळा म्हटलं असेल, त्याला गणती नाही.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी फोरमन बसने मोठ्या इस्पितळात औषधं आणायला जायचे, हे भिंगरीला माहीत होतं. एका मंगळवारी शाळेला सुट्टी आली. ती दोन मैत्रिणींना घेऊन सकाळीच पोचली. मामांना सांगितलं नाही. त्यांनाही चकित करायचं होतं. तिघींनी मरमर काम केलं. दोन तासांत पुढचं सगळं गवत आडवं झालं. राहिली वेल. भिंगरीने तिचा दोरखंडासारखा जाड बुंधा विळ्याने तोडला, तिघींनी मिळून ओढला, आणि अख्खी वेल पडद्यासारखी खाली आली.

खिडकीत गज होते. आत पलंग होता. पलंगावर एक बारीक, पांढऱ्या केसांची बाई बसलेली होती आणि तिचं उजवं मनगट चादरीच्या पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधलेलं होतं.

एक मैत्रीण किंचाळली. बाई घाबरली नाही. तिने मोकळा हात डोळ्यांवर धरला, भिंगरीकडे बघितलं आणि म्हणाली, "अगोबाई, किती उजेड आला!"

पुढचं सगळं भराभर झालं. किंचाळणं ऐकून शेजारी आले. कुणी मोबाइल काढला. कुणी म्हणालं, "कोंडून ठेवलंय म्हातारीला, बांधून ठेवलंय गुरासारखं." पोलिसांना फोन गेला. साडेअकराला फोरमन औषधांची पिशवी घेऊन बसमधून उतरले, तेव्हा त्यांच्या फाटकाशी तीसेक माणसं उभी होती. त्यांनी आधी खिडकीकडे बघितलं. मग कापलेल्या गवताकडे. कुणीतरी त्यांच्यावर थुंकलं. ते गर्दीतून वाट काढत, कुलूप उघडून आत गेले आणि सगळ्यांच्या देखत बायकोच्या मनगटाची पट्टी सोडून तिला पाणी पाजलं.

पोलिसांना त्यांनी जे होतं ते सांगितलं. तिला काही आठवत नाही. दार उघडं दिसलं की चालायला लागते. तीनदा हरवली होती, तिसऱ्यांदा दगडखाणीच्या कडेवर सापडली. आपण घरात असताना ती मोकळीच असते. महिन्यातून एकदा औषधाला आणि आठवड्यातून एकदा बाजारात जाताना तेवढी बांधावी लागते. एका अधिकाऱ्याने लिहून घेतलं. दुसऱ्याने मोबाइलवरची चित्रफीत दाखवली आणि म्हणाला, "हे सगळीकडे गेलंय आजोबा. आता आमच्या हातात काही नाही."

फोरमनच्या बायकोला चाळीस किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात नेलं. चौकशी संपेपर्यंत नवऱ्याने भेटायचं नाही, असं ठरलं. गाडीत बसवताना त्या ओरडल्या नाहीत. फक्त मागे वळून वळून बघत राहिल्या.

तिथे त्या कुणाच्या हातून जेवेनात. एकोणिसाव्या दिवशी गेल्या.

भिंगरीने अंथरूण धरलं. शाळा नाही, बोलणं नाही. तिची आई दाराशी बसून रडायची आणि मधूनच भावावर तोंड सोडायची, "तुझ्या समाजसेवेने माझी पोर खाल्ली." मामा ऐकून घ्यायचे.

आधी ते शुश्रूषागृहात गेले. तिथल्या परिचारिकेने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "अंथरुणावर पडून पाठीला जुन्या जखमा झाल्या होत्या त्यांच्या. नवऱ्याने औषध लावलं होतं, पण एकट्या माणसाला नाही जमत हे. दोन वर्षं आधी आणायला हवं होतं. तेव्हा आणलं असतं तर रुळल्या असत्या." मामा परतीच्या बसमध्ये हे घोळवत राहिले. मुलींनी केलं ते बरोबर की चूक, याचा त्यांना काही केल्या मेळ लागेना.

दुसऱ्या दिवशी ते फोरमनकडे गेले. दार उघडंच होतं. घर लख्ख होतं, भांडी पालथी घातलेली, शिवणयंत्रावर स्वच्छ कापड.

"फोरमनसाहेब, पोरींचा दोष नाही," मामा उभ्याउभ्याच म्हणाले. "मीच सांगितलं होतं, तुमचं 'नाही' मनावर घेऊ नका म्हणून."

"मला वाटलंच होतं," फोरमन म्हणाले. "सोळा वर्षांच्या मुलीला दोनदा नाही सांगितलं तर तिला कळतं. कुणीतरी मोठ्या माणसाने शिकवल्याशिवाय ती असं करत नाही."

मामांनी मान खाली घातली.

"ते गवत आपोआप नव्हतं वाढलं. मी वाढवलं होतं. वेलीला पाणी घालायचो रोज. लोक खिडकीत डोकवायचे, पोरं वेडी वेडी म्हणून खडे मारायची. मग म्हटलं, दिसूच नये."

"कुणाला सांगितलं असतंत तर... मला सांगितलं असतंत. मी दर महिन्याला येत होतो तुमच्याकडे."

"दर महिन्याला येत होतात," फोरमन शांतपणे म्हणाले. "मीटर बघायचात आणि जायचात."

मामांना तोंडात मारल्यासारखं झालं. परिचारिका काय म्हणाली, ते त्यांनी सांगितलं नाही. ते निघाले, तेव्हा फोरमननी दारापर्यंत येण्याची तसदी घेतली नाही.

मामांनी घरी येऊन ही भेट भिंगरीला जशीच्या तशी सांगितली. तिच्यापासून काही लपवायचं नाही, एवढं तरी त्यांनी ठरवलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. "म्हणजे तुम्हीसुद्धा नुसते बघून जायचात," ती म्हणाली. एवढंच.

चार दिवसांनी ती आपणहून उठली, आंघोळ केली आणि कुणाला न विचारता फोरमनकडे गेली. फाटकाबाहेर उभी राहिली. कडी वाजवली. दार उघडलं नाही. शनिवारी पुन्हा गेली. तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा ते बाहेर आले.

"काय हवंय?"

"माफी मागायचीय."

"मागितलीस. जा आता."

ती वळली. दहा पावलं गेल्यावर मागून आवाज आला.

"ए मुली! ती काही बोलली होती का? तुम्ही वेल काढलीत तेव्हा?"

भिंगरीला खोटं बोलता आलं असतं. रस्त्यात उभं राहून ती म्हणाली, "म्हणाल्या, किती उजेड आला."

फोरमन फाटकाला धरून उभे राहिले. मग ते जिथे होते तिथेच, पायरीवर, खाली बसले. भिंगरी पुढे धावली आणि फाटकाशी थबकली.

"आत येऊ का?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

ती आत गेली नाही. फाटकाबाहेर दगडावर बसून राहिली, ते उठून घरात जाईपर्यंत.

चौकशीत फोरमनवर काही ठपका आला नाही. तसा कागद आला तेव्हा बाईंना जाऊन पाच महिने झाले होते. त्यांनी घर बंद केलं आणि लांबच्या शहरात पुतण्याकडे गेले. जाताना कुणाचा निरोप घेतला नाही.

अकरांपैकी सात जणांच्या आईवडिलांनी मुलांना काढून घेतलं. चौघं उरली, त्यात भिंगरी. ती पूर्वीसारखी गिरक्या घेत नाही. खुरपं खाली ठेवून आधी दाराशी जाते, आत माणूस कसं आहे ते बघते, दोन शब्द बोलते, कुणी नको म्हणालं तर "बरं, पुढच्या शनिवारी नुसती विचारायला येऊ का?" एवढंच म्हणते. कुणी हो म्हणतं, कुणी दार लावून घेतं.

नव्या वर्षी मामा पुन्हा शाळेत गेले. मुख्याध्यापिका परवानगी द्यायला कां-कूं करत होत्या, शेवटी म्हणाल्या, "दहा मिनिटं. आणि जपून बोला." मामांनी चित्रकलेच्या बाईंचं सांगितलं, आणि या वेळी फोरमनचंही. आपण काय शिकवलं होतं, ते पण.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मग आम्ही यायचं की नाही?"

"यायचं," मामा म्हणाले. "चूक होऊ शकते. तरी यायचं."

तिघांनी नावं दिली. शनिवारी दोघं आली.