आमोण्याला पोचवायचा नीरो

परेशचे लग्न झाले ते २०२४ साल. लग्न माघात झाले. मांडवाचे खांब अजून उपटले नव्हते, तोवर इब्रामपूरच्या डोंगरावर काजूची बोंडे लाल-पिवळी व्हायला लागली. घरात पाहुण्यांची ये-जा चालू होती, नवी सून विनिता कोणाला चहा दिला आणि कोणाला राहिला हे आठवण्यात गोंधळून जात होती. पण परेशचा आजोबा गुरुदास याचे त्या कशात लक्ष नव्हते. तो रोज सकाळी डोंगर चढून घरच्या काजूच्या भट्टीवर जायचा आणि विचारायचा, "नीरो कधी?"

बोंडे दगडी कोळंबीत, म्हणजे खडकात कोरलेल्या कुंडात, तुडवतात, चोथ्याचा ढीग वेलीने आवळून वर जड दगड ठेवतात, आणि मग रात्रभर थेंबथेंब रस गळतो, तो नीरो. गोड, नितळ, पोटाला थंड. ऊन चढले की तो आंबायला लागतो, आणि पुरता आंबला की भट्टीवर चढतो आणि त्याचा उर्राक होतो, काजूची दारू. उर्राकाला गिऱ्हाईक चारी वाटांनी येते. गुरुदासच्या नीऱ्याला मात्र गिऱ्हाईक एकच, आणि ते आमोण्याला.

प्रभावती ही गुरुदासची थोरली बहीण. लग्न होऊन ती आमोण्याला गेली तेव्हापासून तिचा नेम होता. माहेरचा नीरो आल्याशिवाय ती काजूचे बोंड तोंडाला लावत नसे. तिच्या परसात काजू होता, पोरे झाडाखाली उभी राहून बोंडे चोखत, हनुवटीवरून रस गळे, आणि ही नुसती बघत बसे. नवे भात आधी देवाला, तसा नीरो आधी भावाचा.

आणि भाऊही तसाच. सायकलच्या कॅरियरवर गवताची चुंबळ, चुंबळीत मातीचा बुडकुला, त्याच्या तोंडाला केळीचे पान बांधलेले, वर ओले फडके. असा तो उजाडता निघायचा. नदीवरचा पूल ओलांडला की साळ, मग मेणकुऱ्याचा चढ, लाटंबार्से, डिचोली, न्हावेली, आणि खाली मांडवीच्या काठी आमोणे. चढावर सायकल ढकलायची, ओहळ दिसला की फडके भिजवायचे, खाणीचे ट्रक आले की बाजूला उभे राहून बुडकुल्यावर पंचा धरायचा. दारात पोचला की एकच वाक्य, "बाय, गोड पोचवलंय!" दुसरे लोक पोरांच्या नोकऱ्यांची नाहीतर नारळाच्या पिकाची फुशारकी मारत, गुरुदास या वाक्याची मारायचा.

मागच्या वर्षी त्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि नीरो परेशने मोटारीतून नेला. स्टीलच्या बाटलीत भरून, बर्फाच्या पेटीत ठेवून. प्रभावतीने दोन घोट घेतले आणि वाटी खाली ठेवली. "चव नाय," म्हणाली. परेशने भोळेपणाने हे घरी येऊन सांगितले. गुरुदास त्या रात्री जेवला नाही.

"तू वाटेत चाय पिऊक थांबललंस."

"आजो, घरातून निघालो तो थेट थंयच. बर्फात होतो नीरो."

"मग चव खंय गेली? डिचोलीच्या बाजारात सांडली?"

ते वर्ष गेले. या वर्षी लग्नाला प्रभावती आली नाही, येण्यासारखी राहिली नव्हती. मार्चमध्ये तिच्या मुलाचा, कृष्णनाथचा, फोन आला. "मामा, आई पेजेच्या निवळीशिवाय काही घेत नाही. डॉक्टर म्हणाले, घरी ठेवा, जे मागेल ते द्या. ती काही मागत नाही. काल मात्र विचारलं, गुरूचा नीरो झाला का."

गुरुदासने फोन ठेवला, मांगरात, परसातल्या खोपटात, गेला आणि भिंतीला टांगलेली सायकल खाली काढायला लागला. बहिणीच्या जिभेवर चव राहिलेली एकच गोष्ट होती, आणि ती यंदा बिघडता कामा नये. पुढच्या वर्षीचा भरवसा कोणी द्यायचा?

त्याला पकडले नातीने. ऋतिका परेशची धाकटी बहीण. म्हापशाला बँकेत नोकरी, आणि रविवार आला की पणजी-म्हापशाच्या सायकलवाल्यांबरोबर भटकंती.

"आजो, ती सायकल खाली ठेव. डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टराक बहीण नसतली."

"मी नेते नीरो. सायकलीनेच नेते. तू वाट सांग. आमच्या ग्रुपला यंदा काजूच्या डोंगरांतून, नदीच्या बाजूने जाणारा रस्ता हवाच होता. तू परेशबरोबर मागून गाडीत ये. बरोबर नेते की नाही ते बघ."

गुरुदासने विचार केला. मोटार ती मोटार, पण सायकल म्हटल्यावर त्याचे मन थोडे वळले. कोणता चढ कुठे, उतारावर कुठे वाळू असते, कोणत्या वळणावर कुत्री अंगावर येतात, सगळे त्याने सांगितले आणि ऋतिकाने फोनमधल्या नकाशावर ती वाट आखली.

रविवारी उजाडता अंगणात सायकलवाले जमले. घट्ट अर्ध्या चड्ड्या, डोक्यावर टोपल्यासारख्या टोप्या. गुरुदास एकेका सायकलीभोवती फिरला. शेवटी साईश नावाच्या पणजीच्या पोरासमोर उभा राहिला.

"हिका कॅरियर नाय. घंटा नाय. स्टँड पण नाय. सामान खंय बांधतलंस?"

"सामान नेत नाही, आजोबा. नुसती चालवतो."

"नुसती? खंय जाऊक?"

"जाऊक असं नाही... फिरून परत घरी."

गुरुदासने परेशकडे पाहिले. "घराकडेच येवचां आसा तर हो घराकडेच रवलो कित्याक नाय?"

सायकलवाले हसले, साईश सगळ्यांत जास्त. पण खरी अडचण पुढेच होती. कॅरियर नाही म्हणजे बुडकुला बसणार कुठे? ऋतिकाने नीरो आपल्या थंड राहणाऱ्या बाटलीत भरला आणि बाटली सायकलीच्या दांडीला अडकवली. गाडीत बसताना मात्र गुरुदासच्या मांडीवर केळीच्या पानाने तोंड बांधलेला बुडकुला होता. तोही काठोकाठ भरलेला.

"ह्यो कित्याक?" परेशने विचारले.

"तू फुडे बघ. गाडी चलय."

पूल गेला, साळ गेले. नदीवर अजून धुके होते. मेणकुऱ्याच्या चढाला दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून भट्ट्यांचा धूर उठत होता आणि रस्त्यावर आंबलेल्या बोंडांचा वास साचला होता. सायकलवाल्यांचा वेग आपोआप कमी झाला. साईशने तर मान वळवून एका भट्टीकडे असे पाहिले की जणू मामाचे घर.

गुरुदासने खिडकीतून डोके काढले. "थांबलात तर याद राखा! परतताना पिया, बुडून पिया!"

ऋतिका सगळ्यांच्या पुढे होती. सीटवरून उठून, डाव्या-उजव्या अंगाने सायकल झुलवत ती चढ चढत होती. ती उतरेल म्हणून गुरुदास बघत राहिला. ती उतरलीच नाही. तो दर वर्षी या चढाला उतरला होता. नातीचे कौतुकही वाटले आणि थोडे वाईटही. चढाला उतरले की माणूस आपल्याशी दोन शब्द बोलतो, आंब्याच्या सावलीत विडी ओढतो, हे या पोरीला कोण सांगणार?

ऊन डोक्यावर यायच्या आधी सगळे आमोण्याला पोचले. दारात गाडी थांबताच गुरुदासने बुडकुल्याचे पान सोडले आणि बोट बुडवून चाखले. जिभेला चुरचुर लागली. आंबला होता. त्याने तो गुपचूप अंगणातल्या पायरीआड ठेवला. मग ऋतिकाच्या बाटलीतला चाखला. साखर! नुसती साखर. म्हाताऱ्याने नातीच्या पाठीवर थाप मारली आणि तिला पुढे घालून आत गेला.

प्रभावती खिडकीजवळच्या खाटेवर होती. अंगावर हाडे तेवढी राहिलेली. डोळे मात्र तसेच, भावाला लहानपणी मारायच्या आधी रोखायची तसे.

"इलंस? माका वाटलां, वाट विसरलंस."

"बाय, गोड पोचवलंय. ह्या चेडवान पोचवलां."

ऋतिकाने वाटी तिच्या ओठांना लावली. एक घोट. दुसरा. प्रभावतीने तोंड फिरवले.

"चव नाय."

ऋतिकाचा चेहरा उतरला. गुरुदासने वाटीत बोट बुडवून पुन्हा चाखले. "बाय, मी स्वता चाखलंय! साखर आसा."

"साखर आसा, म्हणानच सांगतंय. साखर घरात डबोभर आसा." मग तिने नाक उचलले. "भायर काय ठेवलंस?"

"काय नाय."

"गुरू."

तो गेला आणि मान खाली घालून बुडकुला घेऊन आला. "बाय, ह्यो आंबलो. ह्यो नको."

"वाटी भर."

वाटी भरली. ती प्यायली, थांबून थांबून, पण सगळी. ओठ पुसले, डोळे मिटले. "ह्यो माझ्या म्हायेरचो."

"पण आंबलो मां तो!"

"कधी आंबलो नव्हतो? दर वर्सा असोच येय. मेल्या, ह्यो भट्टीवरचो बुडकुलो. चेडू असताना मीच धुतलंय. किती घासलो तरी आत उर्राक मुरलेलो. ह्यात दूध घातलां तरी नशा येतली!"

कृष्णनाथ भिंतीकडे तोंड करून हसत होता. "मामा, घरात सगळ्यांना ठाऊक होतं."

"आणि माका कोणी सांगूक नाय?"

"तू घामान निथळत येय, सायकल लावय आणि म्हणय, गोड पोचवलंय," प्रभावती म्हणाली. "त्या तोंडाक कोण सांगतलो? आणि सांगलां असतां तर तू बुडकुलो बदलतलंस. नुकसान कोणाचां? सासू घरात दारू-सोऱ्याचो वास येवंक दी नाय. पण भावाचो नीरो! त्याका कोण काय म्हणतलो? सगळा काम टाकून मी निजय. वर्सातली एक दनपार माझी."

गुरुदासची आयुष्यभराची फुशारकी त्या रिकाम्या वाटीच्या तळाशी पडली होती. दारातून साईश आणि मंडळी बघत होती, कोणी हसायला धजत नव्हते. मग त्याच्याच पोटातून हसू वर आले.

"म्हणजे इतकी वर्सां मी बहिणीक सोरो पुरवलंय?"

"आणि वर सांगता, गोड पोचवलंय!"

त्यावर सगळे घर हसले. गुरुदास खाटेच्या कडेवर बसला, वाटी भरून घेतली आणि बहिणीबरोबर प्यायला. ऋतिकालाही एक घोट मिळाला. तिने नाक मुरडले आणि दुसरा मागितला. दुपारी प्रभावती भावाचा हात धरून झोपली, आणि उठली तेव्हा तिने आपणहून पेज मागितली, वर सुक्या बांगड्याचा तुकडा.

त्या हंगामात गुरुदास दर रविवारी आमोण्याला गेला. पुढे ऋतिका आणि तिचे सायकलवाले, मागे परेशची गाडी. चढाला तो गाडी थांबवायला लावायचा, खाली उतरायचा, आंब्याखाली विडी ओढायचा, आणि पोरांनाही थांबवायचा. ती थांबत. साईश तर विडी कशी धरतात हेही शिकला. वाटेवरच्या भट्टीवाल्यांना ही वरात ओळखीची झाली. बोंडे संपेपर्यंत हे चालले. प्रभावतीला तिच्या चवीचा नीरो शेवटच्या बोंडापर्यंत मिळाला.

त्याच वर्षी श्रावणात, दुसऱ्या सोमवारी पहाटे, प्रभावती आमोण्याला आपल्या घरी वारली.