हुंकारा

"मुद्द्याचं बोला, बाई. म्हैस कुठं गेली ते डॉक्टरांना नकोय."

दिगंबर कंपौंडर हे वाक्य दिवसातून पंधरा-वीस वेळा बोलत असे. म्हशीच्या जागी कधी बैल येई, कधी सासू, एवढाच फरक. आत्ता त्याच्यासमोर भुशीची झुंबरबाई उभी होती आणि बाकावर तिचा नवरा रखमाजी बसला होता. त्याच्या पोटरीला फडकं बांधलेलं होतं आणि फडक्याच्या कडेने हळद-चुन्याचा लेप बाहेर आला होता.

"मुद्द्याचंच सांगते की," झुंबरबाई म्हणाली. "आयतवार व्हता. मी कान्ह्याला भैनीकडं गेलते. घरात धनी एकलेच. म्हशीनं दावं तोडलं, तसं ह्ये तिच्यामागं वढ्यापातुर गेले..."

एवढं बोलून ती थांबली आणि दिगंबरच्या तोंडाकडे पाहू लागली.

ती कशासाठी थांबली हे दिगंबरला पक्कं ठाऊक होतं. तो तळेगावचा, जन्म मावळातच गेलेला. इकडे कुणी काही सांगू लागलं की ऐकणाऱ्याने मधून मधून 'हं' म्हणायचं असतं. हुंकारा मिळाला नाही तर सांगणारा अडतो, कारण भिंतीशी कोण बोलणार? त्यातून दुखण्याची गोष्ट असेल तर ती पहिल्या पावलापासून सांगायची रीत. गावच्या भगताला तशीच लागते. कुठल्या दाराने निघालात, वाटेत कोण आडवं आलं, सगळं झाल्यावर मग काय झालं ते शेवटी. भगताला वेळच वेळ असतो. दिगंबरपुढे मात्र त्या सकाळी चाळीस माणसं ताटकळत होती आणि खोलीत डॉक्टर खोळंबले होते.

डॉक्टर माधवराव पुण्याचे. माणूस देवासारखा, पण भाषा पोथीतली. "क्षुधा आहे का?" असं त्यांनी विचारलं की नाणे मावळातला म्हातारा हात जोडून उभा राही आणि म्हणे, "आपली किरपा." मग दिगंबर मध्ये पडे. बावीस वर्षं तो हेच करत आला होता. औषधं कुणीही कालवील, पण मराठीतून मराठीत करून सांगणारा माणूस लोणावळ्यात एकच होता. अर्ध्या तासाचं रडगाणं तो पाच शब्दांत आणून डॉक्टरांपुढे ठेवी. कुणी पाहुणा आला की माधवराव कौतुकाने म्हणत, "दिगंबर म्हणजे माझे कान." त्या दिवशी दिगंबर घरी जाऊन दोन घास जास्त जेवत असे.

तेव्हा हुंकारा त्याने दिला नाही. भातकापणीचे दिवस होते, सकाळपासून विळा लागलेली सात माणसं येऊन गेली होती. हा आठवा.

"विळा लागला ना?" त्याने सरळ रखमाजीलाच विचारलं.

रखमाजीने दिगंबरच्या काळ्या कोटाकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "व्हय."

कोटवाल्या माणसाला न्हाई म्हणायचं नसतं, हे रखमाजीच्या अंगात आजापणज्यापासून मुरलेलं होतं. तलाठ्याने विचारलं, व्हय. फौजदाराने विचारलं, व्हय. शहाणा माणूस विचारतो तेव्हा त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, आपण फक्त मान हलवायची. झुंबरबाईने तोंड उघडलं होतं. पण नवरा बोलून चुकला होता आणि चार लोकांत त्याचा शब्द खोडायचा नसतो. तिने पदर ओठांवर ओढून घेतला.

"विळ्याची जखम, तीन दिवसांची. चुन्यानं चिघळलीय," दिगंबरने आत जाऊन सांगितलं.

लेपाखाली पोटरी अशी सुजली होती की खुणा काही दिसत नव्हत्या. डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली, पत्र्याच्या डबीत मलम दिलं. नवरा-बायको नमस्कार करून गेले. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

पाचव्या आठवड्यात रखमाजीला चौघांनी घोंगडीच्या झोळीतून आणलं. मळणी उरकली होती, जखम भरून आली होती. तरी त्याचे डोळे भिरभिरत होते आणि घशातून चमत्कारिक आवाज येत होता. पाणी पाणी करत होता, म्हणून डॉक्टरांनी पेला पुढे केला. पेला पाहताच त्याचा गळा आवळला आणि सगळं अंग ताठ झालं.

माधवरावांनी पेला खाली ठेवला. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा ते कुणाच्याही मध्यस्थीशिवाय समजेल असं बोलले.

"कुत्रं चावलं होतं?"

"व्हय," झुंबरबाई म्हणाली. "वढ्याच्या कडंला. पिसाळल्यालं व्हतं. म्होरल्या वाडीत लोकांनी मारलं त्याला."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

तिने दिगंबरकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, त्यात राग नव्हता. राग असता तर दिगंबरला बरं वाटलं असतं.

"मी विचारलं होतं," तो घाईघाईने म्हणाला. "विळा लागला का म्हणून विचारलं. हेच व्हय म्हणाले."

यातलं अक्षर खोटं नव्हतं. खोटं बोलूनही त्याला कधी इतकी लाज वाटली नव्हती.

"व्हय," झुंबरबाई म्हणाली. "धनी तसंच म्हनले व्हते."

"मुंबईला पोटात सुया देतात," डॉक्टर खाली पाहत म्हणाले. "त्याच आठवड्यात गाडीत बसवून दिलं असतं तर..." स्टेशन दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. माणसाला आपल्या घरी जाऊ द्या, एवढंच ते झोळीवाल्यांना म्हणाले. रखमाजी दुसऱ्या दिवशी गेला.

डॉक्टर दिगंबरला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त पुढे पाहुणे आले तरी ते कानांचं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. दिगंबर पूर्वीसारखाच रांगेपुढे उभा राही. पण कुणाची म्हैस दावं तोडू लागली की "मुद्द्याचं बोला" हे शब्द त्याच्या घशाशी येत आणि तिथेच अडत. रांग लांबत चालली, बाजारपेठेतले लोक कुरकुर करू लागले. त्याला घरी जेवण जात नव्हतं.

तेरावा-चौदावा उरकल्यावर झुंबरबाई एकटीच आली. कपाळ मोकळं होतं. तिने ओच्यातून मलमाची डबी काढून टेबलावर ठेवली. राखेने घासून लख्ख केलेली होती.

"दवाखान्याची डबी. आमच्याकडं ऱ्हायली व्हती."

असली डबी आजवर कुणी परत आणून दिली नव्हती. दिगंबरने ती हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

"बसा," तो म्हणाला.

ती जमिनीवर बसू लागली तसं त्याने बाकाकडे हात केला. रखमाजी बसला होता त्याच बाकाच्या कडेला ती टेकली.

"झुंबरबाई, त्या दिवशी मी तुमचं बोलणं तोडलं. माझं चुकलं."

"तुमाला घाई व्हती, दादा. मानसं लय खोळंबली व्हती." ती म्हणाली. "म्या तरी कुटं बोलले? धन्यांच्या शब्दावर शब्द कसा टाकायचा, म्हनून गप ऱ्हायले. आता सडा घालताना बी वाटतं, टाकायला पायजे व्हता."

चूक दिगंबरची होती, आणि ही बाई त्यातला अर्धा भाग आपल्या डोक्यावर घेऊन निघाली होती.

"तुमचं सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "सांगा."

"आता काय उपेग त्याचा?"

"काही नाही. तरी सांगा. पहिल्यापासून."

आतून डॉक्टरांची हाक आली, "दिगंबर, पुढचा माणूस पाठवा." रांगेतला एकजण उठून पुढे आला. दिगंबरने त्याला हाताने थांबवलं, स्टूल ओढलं आणि तो झुंबरबाईसमोर बसला.

तिने पदर सावरला.

"आयतवार व्हता," ती म्हणाली. "मी कान्ह्याला भैनीकडं गेलते. घरात धनी एकलेच. म्हशीनं दावं तोडलं, तसं ह्ये तिच्यामागं वढ्यापातुर गेले..."

ती थांबली आणि त्याच्या तोंडाकडे पाहू लागली.

"हं," दिगंबर म्हणाला.