शांत वाऱ्याचा महिना

मी एक जुना तांब्याचा वातकुक्कुट आहे. हवामान कचेरीच्या गच्चीवर राहतो. जन्मात कधी आरवलो नाही, मित्रांनो. वारा जिकडून येईल तिकडे चोच करायची, एवढेच मला येते. तेही नीट येते की नाही, ही शंका मला सतत खाते.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. सुरुवातीला लोक कौतुकाने मान वर करून बघत. पुढे माझे तेलपाणी राहून गेले. नोंदी घेणाऱ्या ताई मात्र रोज तीनदा वर येऊन माझी दिशा वहीत लिहीत.

यंदा उन्हाळ्याच्या पहिल्या महिन्यात मला क्षणाची उसंत नव्हती. आठ दिवस समुद्रावरचा ओला वारा, तर पुढचे आठ दिवस माळावरचा भाजून काढणारा. महिना संपल्यावर कचेरीच्या साहेबांनी सरासरी काढली. दोन्ही वारे समोरासमोरचे, म्हणून एकमेकांतून वजा झाले आणि नकाशावर उरले, ‘वारा शांत’. त्यावरून अंदाज लिहिला, ‘उरलेला उन्हाळा नेहमीसारखा’.

मी शांत? माझा तर जीव थाऱ्यावर नव्हता.

ताई म्हणाल्या, “साहेब, हा कागद रस्ते खात्याकडे गेला, की माझ्या दादाला भर दुपारी डांबर टाकायला उभं करतील.”

“अहो, आकडे काय माझ्या घरचे आहेत? तुमच्याच वहीतले.”

“सरासरीनं कुणाचं डोकं तापत नाही. एकदा वर येऊन बघा.”

साहेब धापा टाकत शिडी चढले. नेमका तेव्हाच माळावरचा वारा सुटला आणि गंजलेल्या लोखंडी दांड्यावर माझी मान अडकली. खूप कुरकुरलो, पण चोच समुद्राकडेच.

“बघा, समुद्राचाच वारा. तुमचा कोंबडाही माझ्याच बाजूचा.”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“चार महिने तेल मागतेय, साहेब. तो अडकलाय. तुम्ही नाही ना अडकलात? जरा तोंड फिरवा इकडे.”

साहेबांनी तोंड फिरवले. झळ लागताच चष्मा काढला. मग खाली जाऊन त्यांनी एका महिन्याचे दोन नकाशे केले, ओल्या दिवसांचा वेगळा आणि भाजणाऱ्या दिवसांचा वेगळा. पत्रात लिहिले, माळावरचा वारा सुटला की दुपारची कामे बंद ठेवावीत.

संध्याकाळी दादा स्वतः तेलाची बुधली घेऊन वर आला. “फिर बाबा आता,” एवढेच म्हणाला.

मित्रांनो, सरासरी काढा, ती लागतेच. पण रोज एकदा मान वर करून बघत जा, आणि कुणी कुरकुरला तर त्याला वेळेवर तेल घाला. मला जास्त बोलता येणार नाही. माळाकडून वारा निघाला आहे, माझी चोच तिकडे वळते आहे. खाली रस्त्यावर दादाने डांबराची झारी खाली ठेवली आणि वर पाहिले.