घरी काही त्रास नाही

माझ्या लेकीला, कस्तुरीला, पुढच्या वर्षी शाळेत ठेवायचं की नाही, हे डॉक्टरांच्या तपासणीवर ठरणार होतं. तपासणी म्हणजे सुई नाही, औषध नाही, नुसते प्रश्न. तेच वर्गशिक्षिकेला, तेच घरच्यांना. जागेवरून उठते का? मध्येच बोलते का? शिक्षिकेनं सगळीकडे 'नेहमीच' लिहिलं होतं. आम्ही सगळीकडे 'कधीच नाही'. आम्ही म्हणजे सासूबाई. आमच्या घरात त्या सांगतात आणि मी लिहिते.

डॉक्टर हेमावती मूळच्या बेळगावच्या, मराठी चांगलं बोलायच्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाल्या, "शाळेत एवढं आणि घरी काहीच नाही? दोन्हीकडे दिसल्याशिवाय मला निदान करता येत नाही. आणि निदानाशिवाय शाळा सवलत देऊन तिला ठेवून घेणार नाही."

"स्वल्प अवखळ आहे, एवढंच," सासूबाई म्हणाल्या. कस्तुरी तेवढ्यात पंख्याचं बटण चारदा दाबून आली.

"जेवते कशी?"

"मी ताट घेऊन मागं फिरते," मी म्हटलं.

"अभ्यास?"

"ती जिना चढते-उतरते, मी खालून पाढे विचारते."

"एका जागी बस, असं कोणी सांगतं?"

"कशाला सांगायचं?" सासूबाई हसल्या. "हिचा बाप जयतीर्थ असाच होता. खिडकीच्या गजाला पदरानं बांधून भरवायची मी त्याला. आज जयनगरचं दुकान बघतोय की. आमच्याकडं सगळी अशीच. ही सूनच तेवढी मंद."

लग्न झाल्यापासून हेच ऐकत आले होते. नवऱ्याच्या मागं किल्ल्या घेऊन पळायचं, पोरीच्या मागं ताट घेऊन पळायचं, आणि वर मंद मीच. असा संताप आला की वाटलं, उठावं आणि थेट माहेरी जावं. पण उठायचंसुद्धा त्राण नव्हतं.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही बसून कधी जेवलात?"

मला आठवेना.

"तो कागद परत द्या," मी म्हटलं. "या वेळी मीच सांगते."

सासूबाईंचा चेहरा उतरला. घराची अब्रू जाते म्हणून आता बोलतील, याची मी वाट बघत राहिले. पहिल्या प्रश्नापुढे 'नेहमीच' लिहिलं. दुसऱ्यापुढेही. त्या शेजारी बसून बघत होत्या.

"सरी, बरं तर," अखेर त्या म्हणाल्या. "पदराचं पण लिही." मग हळूच म्हणाल्या, "मीही फार दमत होते गं तेव्हा."